वाचनालयाला कायदा आहे, मग वहीला आणि नाटकाला नुसता जीआर का?

ड_वर्ग_ग्रंथपाल (अमळनेर तालुका)

नमस्कार मंडळी. आमच्या गावचं सार्वजनिक वाचनालय मी सांभाळते. ड वर्ग. एक खोली, चार कपाटं, दोन वर्तमानपत्रं. ग्रंथपाल मी, झाडणारी मी, आणि पावसाळ्यात पत्र्याखाली बादली ठेवणारीही मीच. घरी सासरे वहीगायनातले. खान्देशाबाहेरच्यांसाठी सांगते: डफाच्या साथीने रात्र रात्र चालणारं आमच्याकडचं गाणं. म्हणायचा मजकूर हाताने लिहिलेल्या वहीत असतो, ती वही बापाकडून मुलाकडे जाते. सासऱ्यांच्या मंडळाचे ठराव, हिशेब, अर्ज मीच लिहिते, कारण घरात सरकारी फॉर्मला न घाबरणारी मी एकटीच.

त्यामुळे माझ्या टेबलावर कायम दोन फायली असतात.

पहिली वाचनालयाची. अनुदान उशिरा येतं, कमी येतं, पण येतं. त्यामागे कायदा आहे, महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७. अ, ब, क, ड असे वर्ग, प्रत्येकाला पुस्तकं किती, सभासद किती, वाचनालय किती तास उघडं, सगळं नियमांत लिहिलेलं. तपासणीला आलेले साहेब कितीही कडक असोत, "दाखल रजिस्टर अपुरं आहे" असं लेखी देतात. मग ते पुरं करून मी पुन्हा उभी राहते.

दुसरी फाइल वही मंडळाची. डफ जुने झाले, नवे घ्यायचे होते, दोन पोरांना शिकवायचं होतं, म्हणून लोककलेच्या एका अनुदानासाठी अर्ज करायला बसले. कलाप्रकार निवडायचा होता. तमाशा होता, शाहिरी होती, दशावतार, खडीगंमत होती. वही नव्हती. "इतर" निवडलं तर पुढचा रकाना उघडेना. फोन केला तर तिकडून उत्तर आलं, "नवीन जीआर येणार आहे, थांबा." बरं, कोणी नाही म्हटलं नाही. नाही म्हटलं असतं तर कुठे दाद मागायची ते तरी शोधलं असतं. "थांबा" या उत्तराविरुद्ध अपील कुठे करतात?

यावर सासरे फक्त हसले. म्हणाले, "पुस्तकाला कायदा, गाण्याला फोन."

तर माझे प्रश्न. राज्य सरकार कलेसाठी जो पैसा देतं, नाट्यस्पर्धा, तमाशा फडांचं अनुदान, वृद्ध कलावंतांचं मानधन, महोत्सव, हे सगळं कुठल्या एका कायद्याखाली आहे का? नसेल तर का नाही? आणि असा कायदा झाला तर आमच्यासारख्या लहान मंडळांना खरंच उपयोग होईल, की अजून एक फॉर्म वाढेल?

कृपा करून "आमदाराला भेटा" एवढंच उत्तर देऊ नये. भेटून झालंय. चहा चांगला होता.

---

तापीकाठचा (शिरपूर)

ताई, मन्हा आजा बी वही म्हने. आते घरमा वह्या शेतस, म्हननारं कोनी नही.

उत्तर माझ्याकडे नाही, धागा वर राहावा म्हणून लिहिलं. आणि हो, आमदाराला भेटा असं मी खरंच लिहिणार होतो.

---

भुसावळ_जंक्शन

ताई, थोडा कडू बोलतो. कायदा मागू नका. आम्ही रेल्वेच्या वसाहतीत वर्गणी काढून नाटकं केली. ड्युटी संपवून तालमीला यायचो. कोणाचं अनुदान नव्हतं आणि संहिता कोणाच्या टेबलावर पडून राहिली म्हणून अडलंही नाही.

नाटकाच्या बाबतीत सरकारचे कायदे आपण भोगलेत. १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा इंग्रजांनी आणला. खाडिलकरांच्या 'कीचकवधा'त प्रेक्षकांना कीचकाच्या जागी कर्झन दिसू लागला आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. तो कायदा रीतसर पुस्तकातून काढायला २०१८ साल उजाडलं. महाराष्ट्रात आजही प्रयोगाआधी संहिता तपासायला परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवावी लागते. आता त्याच सरकारला तुम्ही म्हणताय की पैसे देण्याचाही कायदा करा. ज्याच्या हातात चेकबुक, तो तालमीत येऊन बसणारच.

कला जगायची असेल तर तिकिटावर जगेल.

---

ड_वर्ग_ग्रंथपाल

दादा, वर्गणीचं कौतुकच आहे. पण तुमच्या वसाहतीत दर महिन्याला पगार होता, म्हणून वर्गणी होती. आमच्याकडे कापूस आणि मका आहे, दोन्हीचा भाव तुम्हाला माहीत आहे. वहीला तिकीट कोण लावणार? अंगणात बसतात लोक. कानबाईच्या सणाला, लग्नात, कोणाच्या दशक्रियेनंतरही. तिथे दारात तिकीट घेऊन उभी राहिले तर सासूबाई मला घरात घेणार नाहीत.

आणि चेकबुकवाला तालमीत बसेल ही भीती जीआरमध्ये कमी आहे का? मला तर उलट वाटतं. काही लेखीच नसेल तर तो कुठेही बसेल. वाचनालयात अजून तरी कोणी मला अमुक पुस्तक घ्या असा फोन केलेला नाही.

जाणकारांनी बोलावं.

---

देवपूर_निवृत्त (धुळे)

ताई, नोकरी मंत्रालयात काढली. सांस्कृतिक कार्य विभागात नव्हतो, पण टिपणी, मागणी, पुरवणी यांतच आयुष्य गेलं, त्यामुळे यंत्र कसं चालतं ते सांगू शकतो. लांबेल.

आधी सरळ उत्तर. असा एक कायदा महाराष्ट्रात नाही. नाट्यस्पर्धा, अनुदानं, मानधन, महोत्सव सगळं शासन निर्णयांवर, म्हणजे जीआरवर चालतं. हे बेकायदा नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीच्या ३३ व्या नोंदीत नाट्यगृहं आणि नाट्यप्रयोग राज्याकडे दिलेत. ज्या विषयावर विधिमंडळ कायदा करू शकतं, त्यावर कायदा झालेला नसला तरी अनुच्छेद १६२ खाली शासन आदेश काढून काम करू शकतं. तेच चाललंय, राज्य झाल्यापासून.

आता गंमत पाहा. अर्थसंकल्पात तुमचं वाचनालय आणि तुमची वही एकाच मुख्य लेखाशीर्षाखाली आहेत: २२०५, कला व संस्कृती. त्यात १०२ म्हणजे कला व संस्कृतीचं प्रवर्धन, १०५ म्हणजे सार्वजनिक ग्रंथालये. खतावणीत शेजारी. पण १०५ उच्च व तंत्रशिक्षण विभाग सांभाळतो आणि त्याच्या पाठीशी १९६७ चा अधिनियम आहे. १०२ सांस्कृतिक कार्य विभागाकडे, त्याच्या पाठीशी जीआरची चळत. तुमच्या टेबलावरच्या दोन फायली तिथूनच निघाल्यात.

फरक काय पडतो? पैशाच्या बाबतीत लोक समजतात तितका नाही. कायदा असो की जीआर, पैसा दरवर्षी मागणी, मतदान आणि विनियोजन अधिनियम या वाटेनेच येतो आणि ३१ मार्चला न खर्चलेला परत जातो. बीम्सवर, म्हणजे सरकारच्या निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवर, तरतूद दिसते, वितरण होत नाही, हा रोग दोन्हीकडे आहे. कायदा केला की तिजोरी आपोआप उघडते असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

फरक दुसरीकडे आहे. जीआर सचिवाच्या सहीने निघतो आणि तशाच सहीने बदलतो. सभागृहात ठेवावा लागत नाही. अधिनियमाखालचे नियम विधिमंडळासमोर ठेवावे लागतात. अधिनियमात एखादी समिती "असेल" असं लिहिलं की ती नेमावीच लागते, नाही नेमली तर कोणीतरी उच्च न्यायालयात औरंगाबाद खंडपीठात जाऊन विचारू शकतं. (नाव बदललं, माझी जीभ बदलली नाही, क्षमस्व.) जीआरमधल्या समितीची मुदत संपली आणि नवी वर्ष-दीड वर्ष झालीच नाही, तर विचारणाऱ्याची बाजू फार लंगडी राहते. तुमच्या "थांबा"ला अपील नाही ते यामुळे. अपिलीय अधिकारीच कुठे लिहिलेला नाही.

धोरण हा तिसरा प्रकार. डॉ. आ. ह. साळुंखे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने मसुदा केलेलं सांस्कृतिक धोरण २०१० मध्ये आलं. मग विनय सहस्रबुद्धे यांच्या अध्यक्षतेखाली फेरआढावा होऊन नवं धोरण २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलं. दोन्हींत चांगल्या गोष्टी आहेत. पण धोरणाने कोणाला काही देणं लागत नाही.

मानधनाचं उदाहरण घ्या, ते बऱ्यापैकी चाललेलं आहे म्हणून मुद्दाम घेतो. आधी अ, ब, क असे कलावंतांचे वर्ग होते, महिना ३१५०, २७०० आणि २२५० रुपये. २०२४ मध्ये राजर्षी शाहू महाराजांचं नाव देऊन सरसकट ५००० केले. चांगलं झालं. कोणी केलं? जीआरने. उद्या पाचाचे चार करायचे किंवा वर्ग परत आणायचे झाले तर तेवढाच एक जीआर पुरतो. शिवाय एका जिल्ह्यातून वर्षाला १०० जणांचीच निवड. जळगाव जिल्ह्यात पंधरा तालुके, नंदुरबारमध्ये सहा, दोघांनाही शंभर. हा आकडा कायद्यात घालायचा झाला असता तर एखाद्या आमदाराने उठून विचारलं असतं, दोन जिल्ह्यांना एकच माप का. जीआरवर कोण उठतं?

आता कायद्याची दुसरी बाजू, तीही तुमच्याच कायद्यातून. ग्रंथालय अधिनियमात लिहिलंय की राज्य शासन ग्रंथालय निधीत दरवर्षी किमान २५ लाख रुपये देईल. १९६७ मध्ये २५ लाख म्हणजे डोळे विस्फारणारी रक्कम. आज तेवढ्यात अ वर्गाची काही मोजकी वाचनालयं निघतील. सरकार प्रत्यक्षात कितीतरी जास्त देतं, पण बंधन त्या २५ लाखांचंच. म्हणून तुमच्या अनुदानात २०१२ नंतरची वाढ मिळायला दहा वर्षं आंदोलनं झाली. कायदा होता, आकडा म्हातारा झाला होता. मसुदा कधी केलात तर रुपयांत लिहू नका.

इतर राज्यांत काय आहे? केरळने २०१० मध्ये सांस्कृतिक कार्यकर्त्यांच्या कल्याण निधीचा अधिनियम केला. सभासद वर्गणी भरतो आणि त्याला पुढे निवृत्तिवेतन मिळतं. कर्नाटकने २०२४ मध्ये सिनेमा आणि सांस्कृतिक कलावंतांच्या कल्याणाचा अधिनियम केला, सिनेमाच्या तिकिटावर आणि सबस्क्रिप्शनच्या शुल्कावर एक ते दोन टक्के उपकर घेऊन निधी उभा करायची त्यात तरतूद आहे. दोन्ही कायदे कलावंताच्या कल्याणाचे आहेत, कलेच्या अनुदानाचे नाहीत, हा फरक लक्षात ठेवा. आपल्याकडे १९२३ चा करमणूक शुल्काचा कायदा होता. २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर करमणुकीवरचा राज्याचा कर त्यात गेला, आता तो अधिकार ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका अशा स्थानिक संस्थांपुरता उरलाय. म्हणजे "तमाशाच्या, सिनेमाच्या करातून कलेला पैसा" ही जुनी वाट बरीचशी बुजली.

महापालिकांचंही सांगून टाकतो, कारण जळगाव-धुळ्याला २००३ पासून महापालिका आहेत आणि लोक नाट्यगृहावरून भांडतात. महापालिका अधिनियमात कलम ६३ मध्ये करावीच लागणारी कामं आहेत, ६६ मध्ये जमलं तर करायची. गटार ६३ मध्ये, नाट्यगृह ६६ मध्ये. नाट्यगृहाचा एसी बंद पडला की का पडलेला राहतो, याचं अर्धं उत्तर तिथे आहे.

भुसावळच्या दादांना एवढंच, की तुम्ही म्हणता तो धोका खरा आहे. इंग्लंडने यावर उपाय म्हणून १९४६ मध्ये वेगळी आर्ट्स कौन्सिल काढली. पैसा सरकारचा, निवड मंत्र्याची नाही. ती पद्धत कायम शुद्ध राहिली असं नाही, पण मंत्र्याच्या दालनातून यादी निघण्यापेक्षा बरी.

---

जळगाव_कोर्टाजवळ

काकांचं उत्तर पुरेसं आहे, एक जोड देतो. पूर्ण कायद्याची वाट न पाहता एक आतली वाट आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५. विभाग एखादी सेवा त्याखाली अधिसूचित करतो, तेव्हा किती दिवसांत द्यायची, कोण देणार, पहिलं आणि दुसरं अपील कोणाकडे, हे ठरतं. वर आयोग आहे. "लोककला अनुदानाच्या अर्जावर निर्णय" ही सेवा त्यात घालून घ्या. अनुदान मिळेलच असं नाही, पण "नाही" हे लेखी आणि मुदतीत मिळेल. ताईंना तूर्त तेच हवंय असं दिसतं.

आणि मंडळ नोंदलेलं आहे ना? १८६० चा संस्था नोंदणीचा आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा, दोन्ही कायद्यांखाली? विश्वस्तांपैकी कोणी वारलं असेल तर धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज दिला आहे ना? निम्मी मंडळं इथेच अडतात आणि खापर जीआरवर फोडतात.

---

ड_वर्ग_ग्रंथपाल

वकीलसाहेब, नोंदलेलं आहे. बदल अर्जही दिलाय, मंजूर व्हायचाय. आमच्याकडे वही म्हणणारे सत्तरीचे आहेत, दर दोन-तीन वर्षांनी बदल अर्ज द्यावाच लागतो. हे हसण्यावारी लिहितेय, पण तसं नाही ते.

काका, २२०५ चं वाचून मी उठून पाणी पिऊन आले. शेजारी शेजारी आहोत आणि ओळख नाही! पण मग आकडा रुपयांत नको तर कशात?

---

फैजपूर_ते_मिनेसोटा

टक्क्यांत, ताई. मी फैजपूरचा, सध्या अमेरिकेत मिनेसोटा राज्यात. इथलं उदाहरण देतो. आपल्याकडे जसंच्या तसं चालणार नाही हे माहीत आहे, पण रचना बघण्यासारखी आहे.

नोव्हेंबर २००८ मध्ये इथे राज्यघटनेत दुरुस्तीसाठी मतदान झालं. मंदीचे दिवस, लोकांच्या नोकऱ्या जात होत्या, आणि लोकांनी स्वतःवर विक्रीकर वाढवून घेतला. एका टक्क्याचे तीन अष्टमांश, २००९ ते २०३४. त्यातून येणाऱ्या पैशाचे ठरलेले वाटे: पाण्याच्या शुद्धतेला ३३ टक्के, जंगल-पाणथळींना ३३, उद्यानांना १४.२५ आणि कला व सांस्कृतिक वारशाला १९.७५. महागाई वाढली की विक्री वाढते, विक्री वाढली की कर वाढतो, म्हणून आकडा म्हातारा होत नाही.

मला सगळ्यात आवडलेलं त्यातलं एक वाक्य: हा पैसा आधीपासून मिळणाऱ्या पैशात भर म्हणून आहे, त्याच्या बदल्यात वापरायचा नाही. आपल्याकडे नवी योजना आली की जुनीची तरतूद गुपचूप कापतात, त्यावर नेमका हा उपाय. अंमल शंभर टक्के होतो असं इथलेही लोक म्हणत नाहीत. पण निदान वाक्य आहे, बोट ठेवता येतं.

दुसरं, सगळा पैसा राजधानीतून वाटत नाहीत. राज्यात ११ प्रादेशिक कला परिषदा आहेत, त्यांच्याकडे वाटा जातो. लहान गावातली समूहगायनाची मंडळी आपल्या भागातल्या परिषदेकडे अर्ज करतात. दूरच्या कार्यालयाच्या ऐवजी जळगाव-धुळे-नंदुरबारची वेगळी खान्देश परिषद असती तर वही कशाला म्हणतात हे फॉर्म बनवणाऱ्याला सांगावं लागलं नसतं.

आणि कायदा नसेल तर काय होतं तेही इथेच पाहिलं. २०२४ मध्ये फ्लोरिडाच्या राज्यपालांनी विधिमंडळाने मंजूर केलेली कला अनुदानं, सुमारे ३.२ कोटी डॉलर, सहीच्या वेळी एका फटक्यात रद्द केली. संस्थांनी हंगाम आखून ठेवले होते.

---

भुसावळ_जंक्शन

स्वतःवर कर वाढवून घेणारी माणसं बघायला मी स्वखर्चाने यायला तयार आहे.

ते "भर म्हणून, बदल्यात नाही" हे कलम मात्र चांगलं आहे. एवढं मान्य.

---

सातपुड्यातला_मास्तर (धडगाव)

सगळं वाचलं. तुम्ही सगळे अनुदानाच्या वाटेबद्दल बोलताय, मला त्याच्या आधीच्या एका ओळीबद्दल बोलायचं आहे. कायद्यात पहिल्या पानावर व्याख्या असतात. "कलावंत म्हणजे" अशी एक ओळ येणार. ती कोण लिहिणार?

आमच्याकडे होळीला अख्खा पाडा नाचतो. काठीच्या राजवाडी होळीचे फोटो तुम्ही पाहिले असतील. पावरी हे फुंकून वाजवायचं वाद्य वाजवणारा माणूस वर्षभर शेतावर किंवा गुजरातमध्ये मजुरीला असतो. रोडाली, सोंगाड्या पार्टी या आमच्याकडच्या लोकनाट्यांत काम करणारी पोरं रात्रभर खेळ करतात आणि सकाळी गाडी पकडून ऊसतोडीला जातात. त्यांना कलावंत म्हणा असं ते स्वतःही म्हणणार नाहीत. मानधनाच्या अर्जाला पुरावे लागतात, वर्तमानपत्राची कात्रणं, प्रमाणपत्रं, आकाशवाणीचं पत्र असलं तर उत्तम. एका म्हाताऱ्या पावरीवाल्याचा अर्ज मी भरत होतो. पंधरा वर्षांच्या कलासेवेचा पुरावा मागितलेला. तो म्हणाला, "गावाला विचारा." गावाला विचारायचा रकाना फॉर्ममध्ये नाही.

पण कायद्यात आहे, दुसऱ्या कायद्यात. आदिवासी अनुसूचित क्षेत्रांतल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या १९९६ च्या पेसा कायद्याच्या कलम ४ मध्ये स्पष्ट म्हटलंय की लोकांच्या परंपरा, रूढी आणि सांस्कृतिक ओळख जपायला ग्रामसभा सक्षम आहे. मग अनुसूचित क्षेत्रात तरी ग्रामसभेचा ठराव हाच कलावंत असल्याचा पुरावा का धरू नये? राज्याने पेसाचे नियम २०१४ मध्ये केले, २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी थेट पेसा ग्रामपंचायतींना मिळतो. त्याचे खर्चाचे गट पाहा, पायाभूत सुविधा, वनहक्क आणि पेसाची अंमलबजावणी, आरोग्य-शिक्षण-स्वच्छता, वनीकरण आणि वन्यजीव. ढोल फुटला तर तो कुठल्या गटात बसवायचा यावर आमच्या ग्रामसेवकाने एकदा फार डोकं खाजवलं. शेवटी लोकांनी वर्गणी काढली. भुसावळच्या दादांना आनंद होईल.

अजून एक. पाहुणे आले, महोत्सव असला की आमची पथकं बोलावतात. ट्रकने नेतात, स्टेजवर पाच मिनिटं नाचवतात, वडापाव देतात, रात्री उशिरा परत सोडतात. त्याच कार्यक्रमात मंडप, लाइट, साउंड आणि मुंबईचा निवेदक यांची बिलं रीतसर निघतात. कायदा कराल तर त्यात एवढं एक कलम घाला, की सरकारी पैशाच्या कार्यक्रमात नाचणाऱ्याचं मानधन मंडपवाल्याच्या बिलाआधी निघेल. बाकीचं नंतर बघू.

---

देवपूर_निवृत्त (धुळे)

मास्तर, ते शेवटचं कलम मी नोकरीत असतो तर वित्त विभागाने "तपासून सादर करा" म्हणून परत पाठवलं असतं. पण लिहा. चांगलं आहे.

ताई, पुढची वाट सांगतो. आमदाराला परत भेटायचं झालं तर निवेदन घेऊन जाऊ नका, मसुदा घेऊन जा. अशासकीय विधेयक कोणताही आमदार मांडू शकतो. एक अडचण आहे: ज्या विधेयकामुळे राज्याच्या एकत्रित निधीतून खर्च होणार, ते राज्यपालांनी शिफारस केल्याशिवाय सभागृहाला संमत करता येत नाही, अनुच्छेद २०७ चा तिसरा खंड. त्यात अशासकीय विधेयक संमत होणं फार दुर्मीळ. बहुतेक वेळा मंत्री उत्तर देतात आणि आमदार विधेयक मागे घेतात. पण ते उत्तर कार्यवाहीत छापलं जातं. "शासन यावर विचार करेल" एवढं जरी छापून आलं तरी पुढच्या अधिवेशनात तेच पान पुढे करून विचारता येतं, विचार कुठवर आला. मी टेबलाच्या पलीकडे बसून अशा पानांना फार घाबरलोय.

---

ड_वर्ग_ग्रंथपाल

सगळ्यांचे आभार. काल वाचनालय बंद केल्यावर वार्षिक अहवालाच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहायला घेतलं. नाव अजून दिलेलं नाही. कलमं कच्ची आहेत, पण अशी:

कलेच्या यादीत एखादा प्रकार नाही म्हणून अर्ज नाकारता येणार नाही. यादी उदाहरणादाखल असेल. अर्जावर ठरलेल्या मुदतीत लेखी निर्णय आणि दोन अपिलं. निधी रुपयांत नाही, महसुली खर्चाच्या टक्क्यांत, किती ते काका सांगतील. नवा पैसा जुन्याच्या बदल्यात नाही. जिल्ह्याचा कोटा तालुके आणि लोकसंख्या पाहून. कलावंत असल्याचा पुरावा म्हणून ग्रामसभेचा ठराव चालेल, पेसा क्षेत्रातच नाही तर सगळीकडे. इथे मास्तर, मी तुमच्या पुढे एक पाऊल गेलेय, कारण आमच्या म्हाताऱ्यांकडेही कात्रणं नाहीत. संहितेत, गाण्यात काय आहे ते पाहून अनुदान देता किंवा काढता येणार नाही, हे भुसावळच्या दादांसाठी. आणि मंडपवाल्याच्या आधी कलावंताचं मानधन, हे कलम मी मुद्दाम वर घेतलंय.

सासऱ्यांना वाचून दाखवलं. त्यांनी एकच विचारलं, डफ कधी येणार. तो या मार्गाने लवकर येत नाही हे मलाही दिसतंय, म्हणून लोकसेवा हक्काचा अर्ज आणि हा मसुदा दोन्ही बरोबर चालवते. दरम्यान जुन्या हस्तलिखित वह्या वाचनालयाच्या दाखल रजिस्टरमध्ये चढवायला सुरुवात केली आहे. निदान पुढच्या तपासणीत त्या एका कायद्याखाली मोजल्या जातील. शिरपूरचे भाऊ, तुमच्या आज्यांच्या वह्या असतील तर त्यांचे फोटो तरी काढून ठेवा, पानं ठिसूळ होतात. आणायला जमलं तर इथे जागा आहे, पत्रा गळतो तिथून लांब ठेवेन.

मास्तर, एक विचारायचं राहिलं. तुमच्या ग्रामसभेने कधी असा ठराव केला आहे का? केला असेल तर त्याचा मजकूर पाठवाल? मला आमच्या ग्रामसभेसमोर जायचंय, आणि तिथे पहिला प्रश्न "असं कुठे झालंय का" हाच येणार.

---

सातपुड्यातला_मास्तर (धडगाव)

केला नाही अजून. पुढच्या ग्रामसभेत विषय घेतो, आधी आमच्या पावरी बोलीत लिहावा लागेल. दोन्ही भाषांतला पाठवतो.